चौथ्या खुनाचा पुरावा

शलाका मोहोळकरबद्दल आमच्या मराठी मंडळातल्या लोकांनी जे तारे तोडले, ते ऐकून माझे कान किटले, म्हणून हे लिहायला बसले आहे. गणपतीच्या मीटिंगमध्ये एक बाई सरळ म्हणाल्या, "तीच ना, जिच्या पूजेमुळे तो खुनी सुटला?" खुनी सुटलेला नाही. तो अमेरिकेतल्या तुरुंगात आहे आणि मरेपर्यंत तिथेच राहणार आहे. पण अर्धवट माहितीवर तोंड चालवायची काही लोकांना भारीच हौस. मी मालिनी. नेदरलँड्समध्ये आल्मेरेत राहते, ब्लाउज शिवते, आणि शलाकाला बारा वर्षं ओळखते. ह्या प्रकरणात तिला सगळ्यात चुकीचा सल्ला देणारी बाई मीच होते, हेही आधीच सांगून टाकते.

शलाका इचलकरंजीची. वडील दामोदर यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. पोरगी हुशार, कोल्हापूरला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली, पहिल्या वर्गात. मग लग्न झालं गौरवशी, तो इथल्या वाखनिंगन गावात बटाट्यावरच्या रोगांवर संशोधन करत होता, आणि २०१० मध्ये ही त्याच्यामागोमाग इकडे आली. पुढे जे आम्हा सगळ्यांचं झालं तेच तिचं झालं. नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेली बायको. सकाळी तो सायकलवर टांग मारून गेला की ही खिडकीपाशी. पदवीचा कागद कपाटात. मला फोन करून म्हणायची, "मालिनीताई, मला दिवसभर कुणी काही विचारतच नाही हो."

पण ती रडत बसणाऱ्यातली नव्हे. वाचनालयात एका म्हाताऱ्या डच गृहस्थांकडे भाषा शिकली. नदीच्या बांधावर फिरायला जाऊन गवतं ओळखत बसायची, घरी आणून वर्तमानपत्रात दाबून ठेवायची. गावाबाहेर एक छोटी खाजगी प्रयोगशाळा होती, परागकणांची. मध कुठल्या फुलांचा आहे ते सांगायचं, हवेत कुठले पराग आहेत ते मोजायचं, असली कामं. तिथे ही आपण होऊन गेली आणि म्हणाली, काचसामान धुवायला ठेवा, पगार नको. मार्ग्रीत नावाची बाई प्रमुख होती. तिने चार महिने हिचं काम पाहिलं आणि २०१३ मध्ये नोकरीवर घेतलं. एक जुना मायक्रोस्कोप शलाकाच्या टेबलावर आला. त्या दिवशी तिने मला त्याचा फोटो पाठवला होता, लोक बाळाचा पाठवतात तसा. मी हसले होते. नंतर कळलं की ती खरंच रडली होती.

आता त्या अमेरिकन माणसाचं. राज्याचं नाव मी लिहीत नाही, शलाकाने तसं बजावलं आहे. माणूस डॅरल कोब्रिन. ट्रकने जनावरांचं खाद्य पोचवायचा. २००९ ते २०१४ ह्या काळात त्या भागात चार बायका मारल्या गेल्या. पहिल्या तिघींच्या बाबतीत त्याच्याविरुद्ध भक्कम पुरावा होता, रक्ताचा, डीएनएचा, आणि त्याने स्वतः कबुलीही दिली. चौथी टेसा, एकोणीस वर्षांची. ती आजीच्या घरामागच्या परसातून नाहीशी झाली आणि नऊ दिवसांनी नदीकाठी सापडली. ही मात्र मी मारली नाही, असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. कोण विश्वास ठेवणार? तिघींना मारलं म्हणून सांगणारा चौथीलाच का नाही म्हणतो, तर तिच्या खुनाला फाशीची शिक्षा आहे म्हणून, असं सगळ्यांनी धरलं. तिथे फाशी म्हणजे इंजेक्शन, पण शिक्षा तीच. घरातून पळवून नेऊन मारलं तर त्या राज्यात गुन्हा आणखी मोठा धरतात.

टेसाच्या आजीने परसात टोमॅटोच्या वाफ्याभोवती झेंडू लावला होता. कीड येत नाही म्हणून तिकडे लावतात. पोलिसांनी कोब्रिनच्या ट्रकमधल्या पायपुसण्याची माती काढली. असं काम करणाऱ्या प्रयोगशाळा जगात मोजक्याच, आणि तिथला एक वनस्पतितज्ज्ञ मार्ग्रीतच्या ओळखीचा. म्हणून ते पाकीट समुद्र ओलांडून वाखनिंगनला आलं. शलाकाने अर्धी माती सीलबंद ठेवली, अर्धी धुतली, गाळली, काचेवर घेतली. झेंडूचे सहा पराग सापडले. झेंडूचा पराग वाऱ्याने उडत नाही, तो चिकट असतो, फुलाला अंग लागल्याशिवाय कुठे जात नाही. म्हणजे तो माणूस त्या परसात गेला होता. २०१७ मध्ये ज्यूरीने तीन खुनांना जन्मठेप दिली आणि चौथ्याला मृत्युदंड. मार्ग्रीतने साक्ष दिली, अहवालाखाली शलाकाची सही होती. तेव्हा आम्ही तिला डोक्यावर घेतलं होतं. दिवाळीच्या कार्यक्रमात सत्कार केला, शाल सुद्धा दिली.

मग आला करोना. २०२० मध्ये प्रयोगशाळेत एका वेळी दोघांनीच यायचं ठरलं, बाकीच्यांना घरून काम. शलाकाच्या वाट्याला जुन्या कामांच्या वह्या आल्या. घरी नेऊन एकेक पान स्कॅन करायचं. इचलकरंजीला वडील एकटे, विमानं बंद, लेक गुंजनची शाळा कधी घरात कधी बाहेर, आणि ही आपली जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून बसलेली.

बावीस ऑक्टोबरला सकाळी फोनने तिला आपणहून एक जुना फोटो दाखवला, पाच वर्षांपूर्वी आजच्या दिवशी म्हणून. २०१५ चा दसरा. फोटोत तिचा मायक्रोस्कोप, त्यावर हळदकुंकू लावलेलं, आणि वर झेंडूचं फूल.

त्याचं असं झालं होतं. दसऱ्याला त्यांच्याकडे कारखान्यात माग धुऊन पुसून, तेल घालून, पूजा करायचे. ज्याने पोट भरतं त्याला वर्षातून एक दिवस हात लावायचा तो नमस्कारापुरता. शलाकाला पहिली हक्काची नोकरी मिळाली, तिचा माग म्हणजे तो मायक्रोस्कोप. दसऱ्याला ती सकाळी साडेसातला कुणी यायच्या आत पोचली, बाल्कनीतल्या कुंडीतलं झेंडूचं फूल पिशवीतून काढलं, वाहिलं, दोन मिनिटं हात जोडले, वडिलांना फोटो पाठवला आणि सगळं आवरून टाकलं. टेबल पुसलं. हात धुतले. अंगावरचा स्वेटर मात्र तोच होता.

फोटो बघून ती आधी खूश झाली, असं तिनेच मला सांगितलं. वडिलांना पुन्हा पाठवावा म्हणून बोट पुढे नेलं, आणि ते तिथेच थांबलं. तारीख. वह्या समोरच होत्या. कोब्रिनच्या मातीचं पाकीट कधी उघडलं? बावीस ऑक्टोबर २०१५, सकाळी दहा वाजता, त्याच टेबलावर, तिच्याच हस्ताक्षरात.

चूक पकडायची एक पद्धत त्यांच्यात असते. मातीशिवायची एक कोरी काच तशाच सगळ्या क्रिया करून तयार करायची. त्यात पराग सापडला तर समजायचं, पराग मातीतला नाही, खोलीतला आहे. ती कोरी काच शलाकाने केली होती. पण काम लवकर उरकावं म्हणून आदल्या दिवशी, एकवीस तारखेला. आदल्या दिवशी खोलीत फूल नव्हतं. काच स्वच्छ निघाली आणि सगळे निर्धास्त झाले.

दुसऱ्या दिवशी ती ट्रेनने माझ्याकडे आल्मेरेला आली. घरात नको म्हणाली, आम्ही तळ्याकाठी दीड मीटरचं अंतर ठेवून चालत राहिलो. तिने सगळं सांगितलं. माझं डोकं तडकलं. मी म्हटलं, अगं बाई, सहा पराग! ते तुझ्या स्वेटरवरचे कशावरून? त्या परसातलेच असतील. तीन बायकांना मारणारा नराधम आहे तो, त्याच्यासाठी तू स्वतःच्या हाताने आपलं आयुष्य मातीत घालणार? लोक काय म्हणतील, भारतातून आलेली बाई, प्रयोगशाळेत फुलं घेऊन पूजा करते. पुढच्या आपल्या पोरींना कुणी दारात उभं करेल का? मी बोलत सुटले. शेवटी म्हटलं, एक खून जास्त काय नि कमी काय, त्याला काय फरक पडतो?

ती थांबली. मास्क खाली केला आणि म्हणाली, "मालिनीताई, त्याला नाही पडत. पण त्याने नसेल मारलं, तर ज्याने मारलं तो बाहेर फिरतोय. आणि त्याला कुणी शोधत नाहीये, कारण मी सांगितलं की सापडला."

तरी मी हेका सोडला नाही, गौरवशी बोल म्हटलं. गौरवही घाबरलेलाच होता. त्याने मधला मार्ग काढला होता: फूल, पूजा, काही सांगू नकोस, फक्त म्हण की कोऱ्या काचेची तारीख चुकली, तपासणी पुन्हा करा. तसं केलं असतं तर निभावलंही असतं कदाचित. रविवारी दसरा होता. त्या वर्षी तिने घरात पूजा केली नाही, देवालासुद्धा फूल वाहिलं नाही. सोमवारी सकाळी मार्ग्रीतच्या खोलीत जाऊन फोटो आणि वही तिच्यापुढे ठेवली.

मार्ग्रीतने फोटोतली आणि वहीतली तारीख ताडून पाहिली. मग तिने एवढंच विचारलं की फूल यंत्रावर का ठेवलं. शलाकाने समजावलं. मार्ग्रीत म्हणाली, मला तू आधी सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं नसतं, फक्त पाकीट त्या दिवशी उघडू दिलं नसतं. शलाकाला ते फार लागलं. पाच वर्षं ती लपवत होती ते लाजेने, आणि जिच्यापासून लपवलं तिला लाज वाटण्यासारखं त्यात काही दिसलंच नव्हतं. मला विचाराल तर इकडे आलेली निम्मी आपली माणसं असले चोरटे नमस्कार करतच जगतात. कुणी हसू नये म्हणून. मीही शिलाई मशीनवर कुंकू लावते ते गिऱ्हाईक यायच्या आत पुसते.

त्याच दिवशी मार्ग्रीतने अमेरिकेत दोन्ही बाजूंच्या वकिलांना लिहिलं. सीलबंद ठेवलेली अर्धी माती तिसऱ्याच देशातल्या प्रयोगशाळेत गेली. करोनामुळे तिथेही कामं रखडलेली, तीन महिने लागले. ते तीन महिने शलाकाचा जीव टांगणीला. तिची मनापासून इच्छा होती की झेंडू सापडावा. सापडला असता तर तिची चूक चूकच राहिली असती, पण निकाल खरा ठरला असता. फेब्रुवारीत उत्तर आलं. गवत, मका, पाइन, सगळं होतं, झेंडू एकही नाही.

एप्रिल २०२१ मध्ये सुनावणी झाली. न्यायालय पडद्यावरूनच चालत होतं तेव्हा. इकडे संध्याकाळचे पाच वाजले होते. शलाकाने कपाटातून निळा कुर्ता काढला, आणि मी सांगूनही टिकली काढली नाही. पडद्यावर चौकोन चौकोन. न्यायाधीश, वकील, एका चौकोनात केशरी कपड्यातला कोब्रिन, तोंडावर मास्क. तिच्या आयुष्यात तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं. तो तिच्याकडे बघतही नव्हता, नखं खात होता. तिने नंतर मला सांगितलं की तिला त्याची किळसच आली, दया अजिबात आली नाही. मला तेवढ्याने बरं वाटलं.

सरकारी वकील चिडलेला होता, आणि का नसावा? त्याने जरा टोचूनच विचारलं की एक शास्त्रज्ञ बाई यंत्राला फूल का वाहते. शलाका म्हणाली, "त्या यंत्राने मला ह्या देशात उभं केलं. आमच्याकडे अशा वस्तूला वर्षातून एकदा नमस्कार करतात. नमस्कार चुकला नाही. त्याच दिवशी मी पाकीट उघडलं, ते चुकलं."

जूनमध्ये निकाल आला. चौथ्या खुनात तो दोषी असल्याचा निकाल रद्द, मृत्युदंड त्याबरोबर गेला. बाकीच्या तीन जन्मठेपा तशाच, एकापाठोपाठ एक भोगायच्या. सरकारने टेसाचा खटला त्याच्यावर पुन्हा लावला नाही, हातात काही उरलंच नव्हतं. इकडे प्रयोगशाळेने पोलिसांची कामं घेणं थांबवलं. शलाकाला काढलं नाही, पण कोर्टाच्या कामाला तिने पुन्हा हात लावायचा नाही असं ठरलं, आणि ते तिला पटलं. सध्या ती हवेतले पराग मोजते, शिंका येणाऱ्या लोकांसाठी. आमच्या मंडळाने काय केलं? संकेतस्थळावरून तिच्या सत्काराचा फोटो गुपचूप काढून टाकला. धन्य आहे.

जुलैत शलाकाचा फोन आला. टेसाच्या आईने, लिंडा तिचं नाव, तिच्याशी बोलायची इच्छा कळवली होती. तिथे अशा कुटुंबांना सांभाळायला एक सरकारी बाई असते, तिच्यामार्फत. शलाका म्हणाली, गौरवला रजा नाही, तुम्ही येऊन नुसत्या घरात बसाल का? मी सकाळच्या गाडीने वाखनिंगनला गेले. गुंजनला तिच्या खोलीत पाठवलं. मी स्वयंपाकघरात बसले, दार उघडं ठेवून. ती बाई आता शिव्याशाप देणार, ह्या तयारीने आम्ही दोघी बसलो होतो.

लॅपटॉपच्या पडद्यावर दोन चौकोन उघडले, एकात लिंडा, दुसऱ्यात ती सरकारी बाई. लिंडा ओरडली नाही. पन्नाशीची, केस मागे बांधलेले, मागे फ्रिज दिसत होता. आधी तिने सांगितलं की मी तुझे आभार मानायला आलेले नाही. शलाका हो म्हणाली. मग ती सांगू लागली, हळूहळू, मधे मधे थांबत. कोब्रिनचा चेहरा तिला पाठ झाला होता. राग कुणावर करायचा ते ठरलेलं होतं, त्यामुळे दुकानात जाता यायचं, चर्चमध्ये बसता यायचं. त्यांचं गाव लहान, अकराशे माणसांचं. टेसाच्या अंत्यविधीला सगळं गाव आलं होतं. आठवडाभर लोकांनी जेवण आणून दिलं होतं, आणि ती भांडी तिने धुऊन, नाव बघून, घरोघर परत केली होती.

"आता मी रोज ती घरं आठवते," ती म्हणाली. "कुणाकुणाच्या दारात मी उभी राहिले, आणि कुणाकुणाला मिठी मारली."

मी स्वयंपाकघरात तोंडावर पदर घेतला. शलाका रडत होती, पण तिने पडद्यावरून नजर काढली नाही. माफी मागितली. लिंडाने ती घेतली की नाही, मला कळलं नाही, ती नुसती मान हलवत होती. मग शलाकाने तिला विचारलं की टेसाच्या कपड्यांवरची, बुटांवरची माती कुणी तपासली होती का, तिला कुठे नेलं होतं ते त्यातल्या परागांवरून कळू शकतं. लिंडा म्हणाली, मला काही माहीत नाही. दुसऱ्या चौकोनातल्या सरकारी बाईने समोरची फाइल चाळायला घेतली. पानं उलटल्याचा आवाज मला आतपर्यंत येत होता. तिला वेळ लागला. मग ती म्हणाली की बूट एका कागदी पिशवीत सील करून ठेवलेले आहेत, २०१४ पासून. पिशवी उघडल्याची नोंद नाही. ट्रकमध्ये झेंडू सापडला, त्यानंतर गरजच उरली नव्हती.

सात वर्षं. त्यातली पहिली गेली ती पोलिसांची, पण पुढची सगळी तिच्या सहा परागांनी खाल्ली होती.

लिंडाने विचारलं, "तू बघशील का ते बूट?"

मला वाटलं ही आता हो म्हणणार. तिचा स्वभावच तसा, आणि त्या क्षणी त्या माउलीला नाही म्हणायला दगडाचं काळीज लागतं. शलाका नाही म्हणाली. माझा हात त्यांना लागला तर कुठलंही कोर्ट ते मानणार नाही, असं तिने सांगितलं. पण कुणाकडे पाठवायचे ते मी सांगते, आणि अर्ज कसा करायचा तेही, कारण तो आईनेच करायला हवा, लेखी.

लिंडा उठली. फ्रिजवरचा एक कागद काढून तिने उलटा केला आणि पेन्सिल शोधली. शलाका तीन प्रयोगशाळांची नावं सांगू लागली, एकेक अक्षर सुटं करून, आणि ती बाई प्रत्येक अक्षर लिहून आम्हाला परत म्हणून दाखवत होती.